बावीस, तेवीस आणि आच्छाडची हद्द

दोन मोबाईल कंपन्या एक होणार अशी आवई उठली की पुण्या-मुंबईचे लोक विचारतात, शेअर घ्यावा का? आमच्या डहाणू-तलासरीकडे पहिला प्रश्न वेगळाच असायचा. "मग आता उंबरगावात रोमिंग लागणार नाही ना?" हा प्रश्न मी बोर्डीला मामाच्या ओटीवर ऐकलाय, डहाणू रोड स्टेशनबाहेरच्या रिचार्जच्या टपरीवर ऐकलाय, तलासरीहून वापीला कामाला जाणाऱ्या पोरांनी खच्चून भरलेल्या जीपमधे ऐकलाय. कंपन्यांची नावं दर वेळी वेगळी. बिर्ला आणि बीपीएल, रिलायन्स आणि एअरसेल, व्होडाफोन आणि आयडिया. प्रश्न मात्र तोच.

ह्या एका प्रश्नाचा इतिहास लिहून काढावा असं बरेच दिवस मनात होतं. आमच्या घरातली निम्मी मंडळी हे वाचतात आणि त्यातली निम्मी हद्दीच्या पलीकडे राहतात. म्हणजे कान धरायला दोन्ही राज्यांतली माणसं तयार आहेत! तर सुरुवात करतो.

गोष्ट सुरू होते मोबाईल यायच्या पस्तीस वर्षं आधी. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याची वाटणी झाली. ४७ गावं आणि ३ शहरं गुजरातच्या सुरत जिल्ह्यात गेली. उरलेली २७ गावं आधी डहाणू तालुक्याला जोडली आणि १९६१ मधे त्यांचा तलासरी नावाचा वेगळा महाल केला. म्हणजे तलासरी तालुका हा मुळात एका वाटणीत उरलेला तुकडा. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीत बेळगाव-कारवारच्या जोडीने डांग-उंबरगावचंही नाव असायचं, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. बेळगावची जखम अजून ओली आहे. उंबरगावची खपली केव्हाच धरली.

रेघ कागदावर ओढली म्हणून सोयरिकी काही तिला विचारून होत नाहीत. मांगेल्यांची, वारल्यांची, बारी-वाडवळांची, पारशी-इराण्यांची घरं रेघेच्या दोन्ही अंगांना. आमचंच बघा. आई बोर्डीची, एक मावशी उंबरगावात दिलेली, आणि मावशीची नणंद पुन्हा अलीकडे झाईला. झाई म्हणजे किनाऱ्यावरचं महाराष्ट्राचं शेवटचं गाव. तिथून उंबरगाव सायकलने जाण्याइतकं. बाजार तिकडचा, डॉक्टर तिकडचा, लग्नाचा बस्ता तिकडचा. तलासरी-उधवा भागातला कामगार रोज भिलाड, वापी, सिल्वासाला जातो आणि रात्री परत येतो. आम्हाला हद्द दिसायची ती फक्त हायवेला, आच्छाडच्या नाक्यावर, ट्रकांच्या रांगेत.

आणि मग ती मोबाईलमधे दिसायला लागली.

झालं असं की १९९४ मधे राष्ट्रीय दूरसंचार धोरण आलं, आणि खाजगी कंपन्यांना मोबाईलचे परवाने द्यायचे म्हणून देशाची 'सर्कल' पाडली गेली. सर्कल म्हणजे थोड्याफार फरकाने राज्यांचाच नकाशा. महाराष्ट्र सर्कलमधे गोवा धरला आणि मुंबई महानगर त्यातून वेगळं काढलं. गुजरात सर्कलमधे दमण, दीव आणि दादरा-नगरहवेली धरली. प्रत्येक सर्कलचा परवाना वेगळा, दर वेगळे, नंबर वेगळे. १९६० ची रेघ अशी आयतीच जमिनीवरून हवेत चढली.

आता गंमत बघा. डहाणूचा फोन महाराष्ट्र सर्कलचा. तो घेऊन तुम्ही पाचशे किलोमीटरहून लांब पणजीला जा, चंद्रपूरला जा, तुम्ही घरातच. पण मासळी घेऊन झाईहून उंबरगावला गेलात की परदेशी. उत्तरेला गुजरात परका, पूर्वेला सिल्वासा परकं, आणि दक्षिणेला ज्या मुंबईला आमचा चिकू, दूध, मासळी आणि नोकरदार रोज सकाळी जातात ती मुंबईसुद्धा वेगळं सर्कल. मुंबई आणि उरलेला महाराष्ट्र ह्यांच्यातले कॉल एकाच सर्कलमधले धरायचे हे ठरायला २००५ साल उजाडावं लागलं. तोवर डहाणू-तलासरी म्हणजे तिन्ही बाजूंनी महागड्या कॉलने वेढलेला कोपरा होता. चौथ्या बाजूला समुद्र!

सुरुवातीला महाराष्ट्र सर्कलमधे खाजगी कंपन्या दोनच. एक बिर्ला एटी अँड टी, तिचे नंबर ९८२२ ने सुरू व्हायचे. दुसरी बीपीएल, तिचे ९८२३ ने. आमच्या घरात अजूनही कुणी नंबर सांगायला लागलं की मामा आधी विचारतो, "बावीस का तेवीस?" पुढे २००२ मधे एअरटेलचे ९८९० आणि बीएसएनएलचे ९४२२ आले. पण मामाच्या लेखी जगात बावीस आणि तेवीस हीच दोन घराणी. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. आलेला कॉल फुकट झाला २००३ मधे. तोवर फोन वाजला की नंबर बघायचा, कट करायचा आणि पीसीओवरून उलटा फोन करायचा, हा शिरस्ता तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल.

आता खरी मेख. बिर्लांकडे गुजरातचाही परवाना होता. तिथले नंबर ९८२४ ने सुरू व्हायचे. म्हणजे आच्छाडच्या अलीकडे आणि पलीकडे मालक एकच, नाव एकच, बिलावरचं चिन्हही एकच. तरी रोमिंग लागायचंच! कारण फोन मालक ओळखत नाही, आकडा ओळखतो. प्रत्येक नेटवर्कला एक संकेतांक दिलेला असतो. आधी देशाचा, आपल्याकडे ४०४, आणि पुढे त्या कंपनीचा त्या सर्कलमधला. आयडियाच्या महाराष्ट्राचा ४०४-२२ आणि आयडियाच्याच गुजरातचा ४०४-२४. सिममधे बावीस कोरलेलं असेल तर चोवीस परकं. मालक एक आहे हे त्या बिचाऱ्या सिमला कुणी सांगितलेलंच नसतं.

त्यामुळे विलीनीकरणाची पहिली मोठी बातमी आली तेव्हा आमच्याकडे जो आनंद झाला तो मुळातच चुकीच्या पत्त्यावरचा होता. २००१ च्या सुमाराला टाटांची आंध्रातली मोबाईल कंपनी बिर्ला एटी अँड टीत मिसळली. बिर्ला, एटी अँड टी आणि टाटा ह्यांची आद्याक्षरं ओळीने लावून पेपरवाल्यांनी त्या जोडकंपनीचं बारसं केलं 'बटाटा'. (मराठी माणसाला ह्याहून सोपं नाव काय देणार?) आणि त्याच साली जाहीर झालं की बटाटा आणि बीपीएल एक होणार. म्हणजे आमच्या भाषेत, बावीस आणि तेवीस एकच होणार! ज्यांच्यामधे निवड करायची ते दोघेच एका घरात नांदणार. कुणी म्हणे दर उतरतील, कुणी म्हणे आता वाटेल तसे चढवतील. पण सगळ्यात जास्त बोललं गेलं ते अर्थातच उंबरगावच्या रोमिंगबद्दल.

ते लग्न मोडलं. बीपीएल वेगळीच राहिली आणि २००२ मधे बटाट्याचं नाव बदलून 'आयडिया' झालं. उंबरगावचं रोमिंग जिथल्या तिथे.

मग लोकांनी आपापले उपाय काढले. सपाट किनारपट्टी, मधे डोंगर नाही. बोर्डीला, झाईला, घोलवडच्या पुढे तर घरात बसल्या बसल्या फोन गुजरातच्या टॉवरला चिकटायचा. आपला टॉवर क्षीण झाला की फोन दुसरा शोधतो, त्याला कुठे माहीत आहे की मधे राज्य बदललं. स्वागताचा मेसेज आला की समजायचं, पैसे सुरू. माजघरात महाराष्ट्र आणि परसात गुजरात, अशी काही घरांची अवस्था होती. मग नोकियाच्या सेटिंगमधे जाऊन नेटवर्क 'ऑटोमॅटिक'चं 'मॅन्युअल' करायचं. आमच्या आजीला मेसेज वाचता येत नव्हता पण मॅन्युअल करता यायचं. आणि जे रोज पलीकडे कामाला जात त्यांच्या खिशात दोन सिम. भिलाडचं एक, तलासरीचं एक. जीप आच्छाड ओलांडायच्या आधी मागचं झाकण काढून सिम बदलायचं काम चालायचं, संध्याकाळी परतताना पुन्हा उलटं. दोन सिमचे फोन बाजारात आले तेव्हा शहरातल्यांना ती चैन वाटली असेल. आमच्याकडे ती सोय दहा वर्षं उशिराने आली होती.

पुढची लाट आली २००५-०६ मधे. हचिसन-एस्सारने बीपीएलची महाराष्ट्र-गोवा, केरळ आणि तामिळनाडूची सर्कल घेतली. मुंबईची बीपीएल मात्र मागेच राहिली. तेवीसवाले एका रात्रीत 'हच' झाले. टीव्हीवर तो पग कुत्रा मुलाच्या मागे मागे जायचा. आमच्याकडचा विनोद असा की कुत्रा आच्छाडपर्यंत येतो आणि नाक्यावर बसून राहतो. वर्षभरातच व्होडाफोनने हचिसनचा हिस्सा सुमारे अकरा अब्ज डॉलरला घेतला, आणि सप्टेंबर २००७ मधे टपऱ्यांचे पत्रे गुलाबीचे लाल झाले. नंबर तोच, सिम तेच, नावं तीन. ह्याची आम्हाला सवय होती म्हणा. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्रावरची पाटी आधी बीएसईएसची होती, मग रिलायन्सची झाली आणि २०१८ मधे अदानींची. चिमणी तीच.

पण ह्या काळात अफवेचा रंग बदलला, आणि मला वाटतं खरी गोष्ट इथे सुरू होते. डिसेंबर २००५ पासून 'लाइफटाइम' योजना आल्या होत्या. ९९९ रुपये एकदा भरा, आयुष्यभर इनकमिंग चालू. हजार रुपये म्हणजे बागेत चिकू काढणाऱ्या माणसाची कित्येक दिवसांची मजुरी. पण लोकांनी भरले. मुलगा बोटीवर, मुलगी सासरी, एकदाच भरून टाकू. आणि मग बातमी, कंपनी विकली. टपरीवाला सांगायचा, "जुन्या कंपनीचं लाइफटाइम, नवी कशाला पाळेल?" तो काही खोटारडा नव्हता. त्याला तरी कोण सांगत होतं? प्रत्यक्षात परवान्याबरोबर जबाबदारीही नव्या मालकाकडे जात होती. पण नियामकाने लाइफटाइमचा जो अर्थ सांगितला तो असा होता की कंपनीचा परवाना असेतोवर. आयुष्य कंपनीचं, ग्राहकाचं नव्हे. पुढे २०१८ च्या अखेरीस दरमहा किमान रिचार्ज नसेल तर इनकमिंगही बंद, असं धोरण मोठ्या कंपन्यांनी आणलं आणि लाइफटाइम हा शब्द कानाआड झाला.

इथे जरा थांबून सांगतो की अशा अफवा येतात कुठून. शेअरबाजारात नोंद असलेल्या कंपनीला मोठी बोलणी चालू असतील तर कधी ना कधी ते कबूल करावं लागतं. तिथून पेपरात येतं. मग परवानग्या. बाजार नियामक, कंपनी न्यायाधिकरण, दूरसंचार खातं, ह्यात वर्ष-दीड वर्ष जातं. ह्या मधल्या काळात कंपनी म्हणते 'ग्राहकांना काहीही फरक पडणार नाही', आणि वितरक मात्र नव्या सिमचा माल उचलणं थांबवतो. ग्राहक बोर्डरूममधला कागद वाचत नाही. तो टपरीवरचं रिकामं खोकं बघतो. अफवा ह्या दोहोंच्या मधल्या जागेत वाढते.

आणि दुसरं. कंपन्या एक व्हायच्या कितीतरी आधी टॉवर एक झाले होते. भारती, व्होडाफोन आणि आयडिया ह्या तीन भांडणाऱ्यांनी २००७ मधे मिळून इंडस टॉवर्स नावाची कंपनी काढली. लोखंडी सांगाडा, डिझेल जनरेटर आणि वॉचमन सामाईक, वरचे अँटेना ज्याचे त्याचे. खाली पोस्टरवर एकमेकांना खिजवणाऱ्या कंपन्या वर एकाच शिडीवर नांदत होत्या. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता न झालेल्या लग्नांची यादी काढू. बटाटा-बीपीएल मोडलं. मुंबईत मागे राहिलेली बीपीएल 'लूप' झाली, ती एअरटेल ७०० कोटींना घेणार असं २०१४ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं, नोव्हेंबरात ते मोडलं आणि परवाना संपून लूप बंदच पडली. रिलायन्स कम्युनिकेशन्स आणि एअरसेल एक होणार असं सप्टेंबर २०१६ मधे ठरलं, १ ऑक्टोबर २०१७ ला तेही मोडलं. त्या वर्षाअखेरपर्यंत रिलायन्सची मोबाईलवरची कॉलसेवा बंद झाली आणि ३० जानेवारी २०१८ ला एअरसेलने महाराष्ट्र आणि गुजरातसह सहा सर्कलमधून गाशा गुंडाळला. मोडणाऱ्या लग्नांनी होणाऱ्या लग्नांपेक्षा जास्त माणसं उघड्यावर टाकली. कंपनी विकली गेली तर नंबर टिकतो. ती मेली तर नंबर तिच्याबरोबर सरणावर जातो, वेळेत हलवला नाही तर.

नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून होती. ती वापरायला एक मेसेज पाठवावा लागतो आणि तो मेसेज जायला जुन्या कंपनीचं नेटवर्क जिवंत असावं लागतं. आमच्या मामाचं तिथेच अडलं. कंपनीचं नाव घेत नाही. एकत्रीकरण होणार, काळजी नको, असं ऐकत ऐकत तो थांबला, आणि एके दिवशी बागेतल्या टॉवरची दांडी गेली ती परत आलीच नाही. तेरा वर्षांचा नंबर. चिकूच्या खोक्यांवर छापलेला. सुरतेचे आणि दिल्लीचे व्यापारी त्याच नंबरवर भाव सांगायचे. बँकेत तोच, गॅसला तोच, आधारला तोच. पुढचे तीन महिने मामा डहाणूच्या बँकेत आणि आधार केंद्रात चकरा मारत होता. त्याच्याकडे गाडी आहे, लिहिता-वाचता येतं, म्हणून तीन महिन्यांत सुटला. उधव्याच्या आतल्या पाड्यावरची बाई, जिची रोजगार हमीची मजुरी बँकेत येते आणि आल्याचा मेसेज फोनवर, तिचा नंबर गेला तर एक चक्कर म्हणजे एक दिवसाचा रोज बुडाला. शहरात विलीनीकरणाची अफवा ही चहाबरोबर चघळायची गोष्ट असेल. इकडे तिच्यावरून माणसाला ठरवावं लागतं की आज रांगेत उभं राहायचं की थांबायचं. आणि दोन्हीतलं चुकीचं ठरलं तर भुर्दंड त्याचाच.

मग आलं सगळ्यात मोठं. सप्टेंबर २०१६ मधे जिओ आलं, फुकट बोलणं आणि स्वस्त डेटा घेऊन. ३० जानेवारी २०१७ ला व्होडाफोनने कबूल केलं की आयडियाशी बोलणी चालू आहेत. २० मार्चला घोषणा झाली, ३१ ऑगस्ट २०१८ ला काम पूर्ण झालं. चाळीस कोटींहून जास्त ग्राहक, त्या क्षणी देशातली सर्वात मोठी कंपनी. दिल्ली-मुंबईचे पेपर जिओविरुद्धच्या लढाईबद्दल लिहीत होते. मी मात्र मामाला फोन केला. कारण आमच्या सर्कलमधे आयडिया म्हणजे बावीस आणि व्होडाफोन म्हणजे जुनी बीपीएल, म्हणजे तेवीस! २००१ मधे जाहीर होऊन पुढे मोडलेलं लग्न हच आणि व्होडाफोन असा वळसा घेऊन सतरा वर्षांनी लागलं होतं. मामा शांतपणे म्हणाला, "वय झाल्यावर लागलं. आता काय पोरं होणार?"

नियमाप्रमाणे एकत्र झालेल्या कंपनीचा एका सर्कलच्या महसुलातला वाटा निम्म्याच्या वर जाता कामा नये, गेला तर वर्षभरात कमी करायचा. ज्या पाच सर्कलमधे ही जोडी मर्यादेच्या वर जात होती त्यात महाराष्ट्रही होता आणि गुजरातही. म्हणजे आच्छाडच्या दोन्ही बाजूंना ह्यांचंच राज्य. आणि आता ते टॉवरचं आठवा. एकाच शिडीवर दोघांचे अँटेना होते. दोघे एक झाल्यावर त्यातले एकाचे उतरणार हे ओघानेच आलं. नवरा-बायको झाल्यावर दोन चुली कशाला? ज्या गावात दोन वेगळे टॉवर होते तिथे एक काढला तर चालतं. पण ज्या कोपऱ्यात एकाचा टॉवर ओढ्याच्या अलीकडे पोचायचा आणि दुसऱ्याचा पलीकडे, तिथे कुठला काढतात ह्यावर पाड्याचं नेटवर्क ठरतं. हे कुठल्याच जाहीर निवेदनात नसतं. विलीनीकरणाचं खरं पत्रक म्हणजे ह्या टॉवरची यादी, आणि ती कधीच आपल्याला वाचायला मिळत नाही.

आणि रोमिंग? त्याची गोष्ट तर सगळ्यात मजेची. ज्यासाठी आम्ही पंधरा वर्षं प्रत्येक विलीनीकरणाच्या बातमीला कान लावून बसलो ते कुठल्याही विलीनीकरणाने झालं नाही. २०१३ मधे नियामकाने रोमिंगचे दर उतरवले, २०१५ मधे आणखी उतरवले. त्याच वर्षी जूनमधे बीएसएनएलने रोमिंगमधलं इनकमिंग देशभर फुकट केलं, आणि ३ जुलैपासून नंबर तोच ठेवून सर्कलही बदलता यायला लागलं. जिओ आलं ते रोमिंग न लावताच, त्यामुळे २०१७ मधे इतरांनीही ते सोडून दिलं. अफवा नाही, आधी कुजबुज नाही, पत्रे रंगवणं नाही. मावशी आणि तिची नणंद आता दिवसातून चार वेळा बोलतात आणि त्यांना आठवतही नाही की कधीकाळी मिस कॉलची भाषा ठरवलेली होती. एक रिंग म्हणजे पोचले, दोन म्हणजे मासळी पाठवली. हवेतली ती १९६० ची रेघ पुसली गेली आणि त्या दिवशी कुणी पेढेसुद्धा वाटले नाहीत.

ह्यातून मी जे शिकलो ते एवढंच. कंपन्यांचं एक होणं आणि माणसांचं जोडलं जाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालक बदलल्याने सीमेवरच्या माणसाचं काही बदललं नाही. नियम बदलला तेव्हा बदललं, आणि एखादी स्वस्त दुकानवाली कंपनी शेजारी येऊन बसली तेव्हा बदललं. २००९ मधे टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा लावला, युनिनॉरने त्याहून घासाघीस केली, तेव्हा पाड्यावर पहिल्यांदा फोन पोचला. त्यातली युनिनॉर टेलिनॉर होऊन २०१८ मधे एअरटेलमधे गेली, डोकोमो १ जुलै २०१९ ला. फेब्रुवारी २०१२ मधे सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द करण्याआधी टपरीवर डझनभर कंपन्यांचे पत्रे होते. आता एअरटेल, जिओ, व्हीआय आणि बीएसएनएल असे चार. चाराचे तीन झाले तर रोमिंग परत येणार नाही, पण दर महिन्याचं रिचार्ज कुणाच्या भीतीने कमी राहील?

म्हणून सध्याच्या आवईकडे मी जरा लक्ष देऊन बघतो. बीएसएनएल आणि एमटीएनएल एक होणार हे तर मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. मंत्रिमंडळाने २०१९ मधे तत्त्वतः मान्यताही दिली, आणि तरी ते पुढेच ढकललं गेलं. दुसरी आवई व्हीआय आणि बीएसएनएलची. जून २०२१ मधे कुमारमंगलम बिर्लांनी सरकारला पत्र लिहून आपला हिस्सा सोडायची तयारी दाखवली तेव्हापासून ती उठते आणि बसते. थकबाकीच्या बदल्यात शेअर घेत घेत २०२५ मधे सरकारचा व्हीआयमधला वाटा जवळपास ४९ टक्के झाला, तेव्हा ती पुन्हा उठली. त्यापुढे सरकार जाणार नाही असं मंत्र्यांनी सांगितलंय.

ती खरी होवो न होवो, आपल्या भागाला तिच्याशी कर्तव्य आहे. जिथे दहा घरं आणि मधे घाट, तिथे खाजगी कंपनीला टॉवर परवडत नाही. नेटवर्क न पोचलेल्या गावांसाठी २०२२ मधे केंद्राने जी फोर-जी योजना मंजूर केली ती बीएसएनएलच्याच खांद्यावर आहे. ज्याच्याकडून पाड्यावरचा टॉवर अपेक्षित आहे त्याच्या गळ्यात कर्जबाजारी सोयरीक बांधली तर आधी कुठला खर्च कापतील, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

तेव्हा डहाणू-तलासरीच्या माझ्या सोयऱ्याधायऱ्यांनो, पुढची बातमी आली की दोन कामं करा. एक, नेटवर्क जिवंत आहे तोवर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे नंबर कशाकशाला जोडलेत त्याची यादी वहीत लिहून ठेवा, बँक, आधार, गॅस, रेशन. आणि दोन, ग्रामपंचायतीत, ग्रामसभेत विचारा की आपल्या गावावरचा कुठला टॉवर राहणार आणि कुठला उतरणार. उत्तर लगेच मिळणार नाही. पण "उंबरगावात रोमिंग लागेल का" ह्यापेक्षा हा प्रश्न आता जास्त कामाचा आहे, आणि तो विचारायला आपल्याला कुणाचं लग्न लागायची वाट बघायला नको.